पाल विकत घेतली त्याची गोष्ट

पाल म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आजही येतो. माहेरी मिरजेला आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटच्या मागे एक पाल कायमची वस्तीला होती. तिच्या भीतीनं लग्न होईपर्यंत मी रात्री पाणी प्यायला एकटी कधी उठले नाही. पाल चुकचुकली की आजी जमिनीवर बोट आपटून "कृष्ण, कृष्ण" म्हणायची आणि कुणाच्या अंगावर पडलीच तर पंचांग उघडून पल्लीपतनाचं कोष्टक बघायची. अशा घरात वाढलेल्या बाईनं पंचेचाळीस डॉलर मोजून पाल विकत आणावी, तिच्यासाठी फरशी बसवावी आणि रात्री तिच्या शेपटीची जाडी पाहून समाधानानं निजायला जावं, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही. पण झालंय खरं तसं.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसला राहतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ह्यांची नोकरी गेली. दुसरी मिळाली, पण पगार बराच कमी. घर सोडून आम्ही दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आलो. त्यात आमच्या नीलची शाळा बदलली आणि मित्र तुटले. अकरा वर्षांचं पोर, शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. विचारलं तर "काही नाही." ऑक्टोबरात त्याचा वाढदिवस. काय हवं, म्हटलं तर एकच शब्द : "कुत्रा."

कुत्र्यासाठी बिल्डिंगचे लोक तीनशे डॉलर आगाऊ मागत होते, शिवाय दरमहा वेगळं भाडं. पेटीत राहणाऱ्या प्राण्याला मात्र काही आकार नव्हता. हे कळल्यावर नीलनं लायब्ररीतून पुस्तकं आणली, चार दिवस वाचत बसला आणि एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं.

"आई, लेपर्ड गेको."

"अरे, ही तर पाल!"

"आपली ती पाल नाही गं. ही भिंतीवर चढतच नाही. हिच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नसतात. आणि हिला पापण्या आहेत, बघ ना. ही डोळे मिटून झोपते."

पापण्यांनी मी थोडी नरमले, हे कबूल करते. आपल्या घरातली पाल डोळे मिटतच नाही, म्हणून ती अशी टक लावून बघितल्यासारखी वाटते. ही पिवळसर, अंगभर काळे ठिपके, वीतभर लांब आणि चेहऱ्यावर कायमचं किंचित हसू. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. पण इथे दुकानांत विकतात त्या पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरीच जन्मलेल्या.

दुकानात त्या पालीची किंमत पंचेचाळीस डॉलर होती. नर की मादी, असं मी विचारलं तर तो विक्रेता पोरगा म्हणाला, एवढ्या लहानपणी सांगता येत नाही. (हिच्या बाबतीत ते अंड्याला किती ऊब मिळाली त्यावर ठरतं, असं नीलनं मला मागाहून सांगितलं. मी म्हटलं, बरं आहे, सुनेला कुणी बोल लावायला नको.) पालीशेजारीच नव्वद डॉलरचं 'सगळं आलं' असं तयार खोकं होतं. त्यात काचेची छोटी पेटी, खालून ऊब देणारी विजेची पट्टी, वाळूची पिशवी, काचेला चिकटवायचा थर्मामीटर आणि प्लॅस्टिकचं झाड. नीलच्या हातात वाढदिवसाचे आणि साठवलेले मिळून एकशे वीस होते. वरचे पंधरा मी घातले.

तेवढ्यात नील म्हणाला, "आई, थर्मोस्टॅट पण लागतो. पुस्तकात लिहिलंय."

थर्मोस्टॅट पस्तीस डॉलरचा. मी विक्रेत्याकडे पाहिलं. तो म्हणाला, लागतोच असं नाही, पट्टी फार तापत नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण पस्तीस डॉलर म्हणजे आमचा आठवड्याचा भाजीपाला. मी नीलला म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू." तो काही बोलला नाही. ह्यांची नोकरी गेल्यापासून तो कशालाच हट्ट करत नसे. त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं होतं.

पालीचं नाव ठेवलं खसखस.

पहिले आठ दिवस आमच्या घरात पुन्हा आवाज आला. "आई, तिनं जांभई दिली!" "आई, तिनं पाणी चाटलं!" मी दारातूनच बघायची. मग खसखसनं खाणं सोडलं. दिवसभर पेटीच्या गार कोपऱ्यात काचेला चिकटून बसायची. नवीन जागा आहे, रुळेल, असं मी म्हणाले. नवी सूनसुद्धा पहिले चार दिवस जेवत नाही नीट! काचेवरचा थर्मामीटर तर अगदी बरोबर आकडा दाखवत होता.

एका शनिवारी नीलनं तिला हातावर घेतलं आणि तो ओरडलाच. तिच्या पोटावर लालसर, ओलसर चट्टा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पेटीत हात घातला आणि वाळू बाजूला सारून खालच्या काचेला बोट लावलं. पोळी टाकण्याआधी तवा तापलाय का बघतो ना आपण, तसं झटकन मागे घेतलं. शेजारचे गृहस्थ हीटिंगची कामं करतात. त्यांच्याकडे लांबूनच उष्णता मोजायचं यंत्र असतं, ते आणून बघितलं. एकशे अठरा फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस सेल्सियस! तिला पोटाखाली हवी असते नव्वदच्या आसपास, म्हणजे बत्तीस सेल्सियस.

झालं असं होतं, की काचेवरचा थर्मामीटर मोजत होता वरची हवा आणि पाल बसते खाली जमिनीवर. तिला ऊब लागतेच, तिनं खाल्लेलं पचतं ते त्या उबेवर. म्हणून ऊब शोधत तिनं वाळू उकरली आणि थेट तापलेल्या काचेवर जाऊन पडली. पट्टीला आवर घालायला थर्मोस्टॅट नव्हता.

नील रडला नाही, मला बोलला नाही. फक्त म्हणाला, "मी वाचलं होतं, आई." त्या चार शब्दांपेक्षा त्यानं पेटी फोडली असती तरी चाललं असतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर वेगळे असतात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाले. तपासणी आणि भाजल्यावरचं मलम मिळून एकशे चाळीस डॉलर झाले. डॉक्टरीणबाई भली होती, रागावली नाही. वाळू आधी काढून टाका म्हणाली. किडा पकडताना वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. जखम भरेपर्यंत खाली साधे कागदी टॉवेल घाला, रोज बदला. परतीच्या वाटेवर हे गाडी चालवताना एवढंच म्हणाले, "पस्तीस वाचवायला गेलीस." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर मी ते काम हातात घेतलं. पालीची भीती होतीच, पण आता तिची मला लाज वाटायला लागली होती. तुमच्यापैकी कुणाची मुलं परदेशात असतील आणि नातवंडांनी असा काही हट्ट धरला असेल, तर त्यांना मी काय केलं ते जरूर कळवा. स्वस्तात करता येतं, पण स्वस्ताई कुठे करायची ते आधी माहीत हवं.

पेटी जुनी घ्यावी. आम्हाला एका घर हलवणाऱ्या कुटुंबाकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद अशी माशांची काचपेटी पंधरा डॉलरला मिळाली, कारण ती गळत होती! माशांना निरुपयोगी, पालीला काय फरक पडतो? गळकी आहे का, असं आपणहून विचारावं. विकणारा ओशाळतो आणि भाव उतरतो. दुकानातली ती छोटी पेटी वाढत्या पालीला पुरलीही नसती. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा, असं दोन्ही असलं की तिला हवं तिथे ती जाऊन बसते, आणि त्याला लांबी लागते. वरची जाळी वीस डॉलरला नवी घेतली.

खाली फरशी. बांधकामाच्या दुकानात सहा इंची फरश्या पन्नास सेंटला एक. सहा आणि तीन ओळी, अठरा फरश्या, नऊ डॉलर. हिशेब अगदी चोख केला आणि घरी येऊन बघते तर शेवटची ओळ बसेना. काचेची जाडी मोजायची राहिली होती! ह्यांनी शेजाऱ्यांकडून करवत आणून कडेच्या फरश्या तासल्या. दीड तास धूळ खात दोघं बापलेक बाल्कनीत बसले होते. पुष्कळ दिवसांनी त्यांना एकत्र हसताना ऐकलं, म्हणून मी चहा दोनदा केला. फरशी ऊब धरून ठेवते, पुसता येते आणि तिच्यावर चालून नखं आपोआप घासली जातात.

मोठ्या पेटीला मोठी पट्टी लागली, पंचवीस डॉलर. ती पेटीच्या एक-तृतीयांश भागाखाली. आणि थर्मोस्टॅट, पस्तीस. त्याच्या वायरीचं टोक उबेच्या बाजूच्या फरशीवर पक्कं बसवलं. शिवाय दहा डॉलरचा, वायरीच्या टोकानं खालची उष्णता मोजणारा थर्मामीटर. एकानं चूक केली तर दुसऱ्यानं सांगावं म्हणून. हल्ली जाणकार लोक वरून ऊब देणारा दिवा आणि सौम्य अतिनील प्रकाश अधिक चांगला म्हणतात. आम्ही दिव्यासाठी पैसे साठवतो आहोत. पण पट्टी असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय प्लग लावायचा नाही, असं आता आमच्या घरी एकदम सक्त आहे.

बाकी सगळं स्वयंपाकघरातून निघालं. लपायला तिला तीन जागा लागतात, एक उबेत, एक गारव्यात आणि एक दमट. नारळाच्या करवंटीला कडेला खाच पाडून गारव्याची जागा झाली. उबेत मातीची फुटकी कुंडी आडवी केली. दमट जागेसाठी श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडलं, कडा मेणबत्तीवर गुळगुळीत केल्या आणि आत ओला कागद घातला. हा डबा चैनीचा नाही बरं का. ती कात टाकते तेव्हा ओल नसेल तर बोटांवर कातडी अडकून राहते, आवळते आणि बोटं झडतात. कात निघाली की ती स्वतःच खाऊन टाकते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कसंसंच झालं. नील म्हणाला, "आई, ती काहीच वाया घालवत नाही, तुझ्यासारखी."

आठ डॉलरची कॅल्शियमची पूड मात्र टाळायची नाही. ती किड्यांना चोळून द्यावी लागते, नाहीतर पालीलाही मुडदूस होतो आणि पाय वाकतात. पुडीत ड जीवनसत्त्व असेल तर अती देऊ नये, त्याचाही अपाय होतो.

एका रात्री मी सगळा हिशेब वहीत मांडला. दुसऱ्यांदा केलेला खर्च एकशे बावीस. पहिल्यापासून असंच केलं असतं तर पालीसकट एकशे सदुसष्टात भागलं असतं. माझ्या काटकसरीनं ते तीनशे सत्त्याण्णववर गेलं.

आता खाण्याचं. इथेच आमच्या शाकाहारी घराची परीक्षा होती. ही पाल भाजी, फळं, भात काही खात नाही. तिला जिवंत किडे लागतात. रातकिडे, नाहीतर मीलवर्म म्हणतात त्या अळ्या. लहान असते तोवर रोज, मोठी झाली की दोन-तीन दिवसांआड. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवायचे नाहीत, ते उलट तिलाच चावतात. किड्यांनाही आधी चांगलं खाऊ घालावं लागतं, गाजराची सालं, रताळ्याचा तुकडा, कोवळा पाला. म्हणजे माझ्या भाजीचा कचरा सत्कारणी लागला. अळ्या गारव्यात सुस्तावतात आणि टिकतात, म्हणून त्यांची जागा फ्रिजमध्ये. डबा दह्याचा होता. ह्यांनी एकदा चमचा घेऊन तो उघडला, त्या दिवसापासून त्यावर लाल अक्षरात 'दही नाही' असं लिहिलेलं आहे.

महिन्याला साधारण बारा डॉलरचे किडे लागतात. ते नील देतो, शेजाऱ्यांचा बर्फ उपसून.

हे सगळं बसतं न बसतं तोच एप्रिलात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. मी त्यांना पालीचं कळवलंच नव्हतं. आल्या दिवशी त्यांनी पेटी पाहिली, पदर नाकाला लावला आणि देवघर कुठल्या भिंतीला आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती.

"एकादशीला घरात जीव मारायचे?"

"आम्ही मारत नाही, आई. ती खाते."

"आणून कोण देतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. नील म्हणाला, "आजी, मग तिला उपाशी ठेवू का?" त्यालाही सासूबाईंकडे उत्तर नव्हतं. मग एकादशीला पालीचाही उपास, अशी आजी-नातवात तोड निघाली. मोठ्या झालेल्या पालीला एखादा दिवस न खाल्ल्यानं काही होत नाही. जाड शेपटीत ती चरबी साठवून ठेवते.

त्यांना झोप येत नसे. इथली रात्र फार मुकी, म्हणायच्या. एप्रिलात इथल्या झाडांना धड पानही नसतं, किड्यांचा आवाज कुठला? एका रात्री मी उठले तर त्या नीलच्या खोलीबाहेर, कपाटापाशी खुर्ची टाकून बसलेल्या. कपाटात रातकिड्यांचा डबा होता आणि त्यातले नर जोरात किरकिरत होते.

"आमच्याकडे पाऊस पडून गेला की असंच," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुमच्या त्या पालीसारखी एक मी लहानपणी पाहिली होती. माहेरी, माणच्या माळावर. अशीच ठिपक्यांची, जाड शेपटीची. विषारी म्हणून सगळ्यांनी दगडांनी मारली. मीही एक दगड मारला होता."

मी सकाळी नीलला सांगितलं. तो म्हणाला, कुठल्याच पालीला विष नसतं, आणि महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवर हिची जवळची बहीण खरंच राहते, पुस्तकात आहे. (रानातून पकडून आणून पाळायची सोय मात्र नाही, आपल्याकडे तो गुन्हा होतो.) त्यानं आजीला चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हीच," म्हणाल्या. त्या दिवसापासून करवंट्या त्याच निवडून देऊ लागल्या. हात लावला नाही कधी, पण पेटीची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही आणि पालीला हात लावला की साबणानं हात धुवायचे, ह्या डॉक्टरीणबाईच्या नियमावर त्यांच्याइतकी कडक नजर कुणाचीच नव्हती. अशा प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. शेजारणीचं तीन वर्षांचं पोर आलं की त्या स्वतः पेटीपुढे जाऊन उभ्या राहायच्या.

एक गोष्ट मला विकत घेताना कुणी सांगितली नव्हती. ही पाल चांगली सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. नील सहा-सात वर्षांत कॉलेजला जाईल. मी हिशेब केला आणि गप्प बसले. म्हणजे पुढे ती माझ्याच गळ्यात. पोटावरचा डाग भरलाय, पण तिथली कातडी थोडी गुळगुळीत राहिली आहे. ते फरशी पुसताना मला दिसतं, कारण आता तिला उचलून बाजूला मीच ठेवते. काटा येतोच. हात मात्र कापत नाही.

नीलच्या वर्गातला एक मुलगा हल्ली शनिवारी येतो. दोघं पेटीसमोर पालथे पडून तासन्‌तास काय बोलतात कोण जाणे.

सासूबाई साताऱ्याला परतल्या, पण रविवारी फोन असतो. ह्यांची तब्येत, माझी कंबर, नीलचा अभ्यास, आणि मग हमखास, "शेपटी कशी आहे?" परवा नीलनं फोन काचेपाशी नेला. खसखस करवंटीतून तोंड काढून, डोळे अर्धे मिटून बसली होती.

"भरली आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "पण सूनबाई, ती पाण्याची वाटी घासून ठेव. कडेला पांढरं धरलंय."